बनावट

हांगचौ. चौथा मजला. खिडक्या नाहीत.
एका जोड्याला नव्वद सेकंद.
वंग शिउचिन पांढऱ्या दिव्याखाली
लोकांची हौस तपासते.

आधी खोका. लेबलावरचा आठचा आकडा
पोटात जरा जास्तच सुटलाय का.
मग वजन. डावा तीनशे बारा ग्रॅम, उजवा तीनशे चौदा,
इतकं चालतं, पाय तरी कुठे सारखे असतात.
जांभळी बत्ती फिरवली की खोट्या जोड्यावर
आखणीच्या रेघा वर येतात,
वहीत खोडूनही उरलेल्या उत्तरासारख्या.
"बनावट कशी आहे ते बघ," चौ साहेब पहिल्या दिवशी म्हणाले,
"म्हणजे बनावट आहे का ते कळेल.
आणि शेवटी नाक खुपस.
डोळ्यांना फसवतात लोक,
सोल्यूशनला लपता येत नाही."

हे तिला शिकवावं लागलं नाही.
ती पूथ्येनची.
त्यांच्या घरात भातालासुद्धा सोल्यूशनचा वास यायचा.
आई पलंगावर मांडी घालून तळवे चिकटवायची,
टाचेच्या आतले टाके हाताने घालायची.
रात्री अकराला बाजार भरे, पहाटे तीनला उठे,
बाप मोटारसायकलवर खोक्यांचा डोंगर बांधून
त्यामागे दिसेनासा होई.
आईच्या बोटांवर वाळलेला थर
सालीसारखा सोलायचा, हा शिउचिनचा खेळ.
पापुद्रा उजेडात धरला की
त्यात आईच्या बोटाचे ठसे, रेघ न् रेघ,
एकदम अस्सल.

शाळेची फी त्या जोड्यांनी भरली.
घरात कुणाच्या पायात मात्र तो जोडा नव्हता.
सगळे कापडी बूट घालत, बिननावाचे.

तीन वर्षांपूर्वी आई फोनवर म्हणाली,
डोळे गेले गं, सुई सोडली मी.
आता मात्सूच्या देवळात दिवा लावते,
लाँगानच्या झाडाखाली बसते, झालं.
शिउचिनला त्या रात्री
कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली होती.

मंगळवारी छंगतूहून एक जोडा आला.
सोबत चिठ्ठी:
चार महिने रात्री घरोघर जेवण पोचवून पैसे साठवले,
कृपया नीट बघा.

आठ बरोबर. वजन बरोबर.
जांभळ्या बत्तीखाली एक रेघ नाही.
नाकालाही फारसं काही सापडेना, नवं सोल्यूशन असावं.
सत्तर सेकंद झाले होते.
तिने सवयीने आतलं अस्तर उचललं, टाचेपाशी.
खऱ्या जोड्यात तिथे यंत्राने जाळलेला
दोऱ्याचा काळा ठिपका असतो.
इथे गाठ होती.
डावीकडून दोन वेढे, मग दोरा मागे घेऊन
आडव्या अंगठ्याने दाबलेला.
उजवा अंगठा वाकत नाही म्हणून.
प्रेसमध्ये सापडला होता तो,
शिउचिन दुसरीत असताना.

मेजावरचा लाल दिवा लागला. नव्वद.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यावरून फोन लावला.
डोळे कसे आहेत?
बरे आहेत की. लाँगानला यंदा फळ कमी.
मागे काहीतरी टकटक वाजत होतं.
"शेजारचे आहेत ते," आई म्हणाली,
कुणी विचारायच्या आधीच.
हं, म्हणाली शिउचिन. जेवलीस?
जेवले. तू?
जेवले.

तिचा डबा अजून उघडायचा होता.

परत येऊन तिने जोडा पुन्हा पुढ्यात घेतला.
छंगतूच्या पोराला काय कळवायचं,
यात तसा प्रश्न नव्हता.
शिक्का मारला: बनावट.
कारणाच्या रकान्यात जरा वेळ पेन टेकवून ठेवलं.
मग लिहिलं, वास.
गाठीबद्दल एक अक्षर नाही.
अस्तर जागेवर बसवलं,
घरी शिकली होती तसं अंगठ्याने दाबत,
आधी टाच,
मग चवडा.